कोरफडीच्या डबीवरची तिसरी ओळ

माझ्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग आहेत. धाकट्याच्या वेळी दिवस राहिले तेव्हा ते आले, आणि बाळंतपण झालं की आपोआप जातील असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तो धाकटा आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डाग अजून घरीच आहेत.

मी धाराशिवला एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नका, असं मी दर जूनमध्ये पहिल्याच तासाला पोरांना सांगते आणि संध्याकाळी घरी जाऊन सहाणेवर जायफळ उगाळते. मसूरडाळीचं पीठ झालं, बटाट्याच्या चकत्या झाल्या, स्टाफरूममधल्या बायकांनी सुचवलेल्या तीन प्रकारच्या ट्यूबा झाल्या. प्रत्येक ट्यूब पंधरा दिवस आशा देई आणि सोळाव्या दिवशी संपे.

या डागांचं मला एवढं का लागावं, हे कळायला माझ्या लग्नात जावं लागेल. माझं स्थळ या घरात पसंत पडलं ते माझ्या रंगामुळं. शिक्षण नंतर विचारलं गेलं. थोरल्या सुनेच्या वेळी तडजोड करावी लागली, असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, म्हणून धाकटी त्यांनी निवडून आणली. मांडवात मला बघून त्या सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "आता कुठं घरात उजेड पडला." थोरली सून तेव्हा चार पावलांवर पाहुण्यांना पाणी देत होती. तिनं तांब्या पुढच्या माणसापुढं धरला आणि पुढं गेली. सासूबाई आता नाहीत. उजेडाचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

ती थोरली सून म्हणजे माझ्या जाऊबाई. मी त्यांना अक्का म्हणते. त्या माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या. गावाकडची शेती दीर आणि अक्का बघतात. आमचं गाव जळकोटच्या अलीकडं, हायवे सोडून आत. अक्कांचा उभा जन्म उन्हात गेला. खुरपणं, काढणी, मळणी सगळं डोक्यावर पदर घेऊन. आणि त्यांच्या चेहऱ्यावर आजही एक डाग नाही. काळा रंग, पण कपाळापासून हनुवटीपर्यंत एकसारखा, तुकतुकीत. मी सावलीत उभी राहून खडूनं समीकरणं लिहिली आणि माझ्या तोंडाचा नकाशा झाला.

तीन वर्षांपूर्वी दिरांनी वीस गुंठ्यांत कोरफड लावली. तुळजापूरला कामाला गेले असताना एक माणूस त्यांना चहाच्या गाड्यावर भेटला. त्यानं मोबाइलवर कुठल्याशा कोरड्या मुलखातलं हिरवंगार रान दाखवलं आणि सांगितलं की रोपं आम्ही देऊ, पानं आम्हीच नेऊ, तुम्ही फक्त जमीन द्या. पहिली अर्धी गोष्ट त्यानं इमानदारीनं पाळली. रोपं आली. पानं हातभर झाली तेव्हा त्याचा फोन बंद लागायला लागला. दीर दोन महिने रोज सकाळी चहा झाला की तो नंबर फिरवायचे, देवपूजेसारखं. मग एक दिवस त्यांनी तो काढून टाकला.

गंमत अशी की आयुष्यात पहिल्यांदाच दिरांना एक बिनतक्रारीचं पीक मिळालं होतं. कोरफडीला पाणी लागेना, फवारणी लागेना. शेळी तोंड लावीना, रानडुकरं बांधावरूनच माघारी जात. फक्त घेणारं कुणी नव्हतं. पाऊस लांबला तेव्हा शेजारची सोयाबीन माना टाकून बसली आणि कोरफड मात्र फुगत गेली. मोडून टाका म्हटलं तर दीर म्हणत, "आपसूक आलेल्याला मोडायचं कसं? मरत बी न्हाय की ती."

शेवटी अक्कांनीच त्यात लक्ष घातलं. त्यांचा अकरा बायकांचा बचत गट आहे. पापड, कुरडया, शेंगाची चटणी सगळं करून झालेलं. पण तेच सगळे गट करतात, त्यामुळं शेवटी एकमेकींचेच पापड विकत घ्यायची पाळी येई. अक्कांनी ठरवलं की कोरफडीचं जेल करायचं आणि मला फोन केला. म्हणाल्या, "तू केमेस्ट्रीची मॅडम हायस. त्यात काय काय असतंय ते मराठीत लिवून दे. आता लोकं डबीवरचं वाचत्यात."

मला इतका आनंद झाला की फोन ठेवल्यावर मी लगेच कपाटातली जुनी पुस्तकं काढली. सासरच्या माणसांनी माझ्या विषयाबद्दल काही विचारण्याची बावीस वर्षांतली ही पहिलीच वेळ होती. आठवडाभर वाचलं. कोरफडीच्या पानात तीन थर असतात: बाहेर हिरवी साल, सालीच्या लगेच आत पिवळ्या कडू चिकाच्या नळ्या आणि मध्ये काचेसारखा गर. गर जवळपास सगळा पाणीच. उरलेल्या थोडक्यात लांब साखळीच्या साखरा, थोडी जीवनसत्त्वं, विकरं, क्षार, सॅलिसिलिक आम्ल असा बाजार. मी पाच ओळींचा मजकूर तयार केला. पहिली ओळ त्या साखरांची: अ‍ॅसिमॅननसारख्या साखरा पाणी धरून ठेवतात, त्वचा मऊ राहते, किरकोळ भाजलेलं लवकर भरून यायला मदत होते. दुसरी जीवनसत्त्वांची. चौथी सॅलिसिलिक आम्लाची आणि पाचवी नुसतीच 'संपूर्ण नैसर्गिक' अशी, कारण चार ओळी बऱ्या दिसत नव्हत्या.

तिसरी ओळ अ‍ॅलोसिनची होती. कोरफडीतला हा पदार्थ त्वचेत काळं रंगद्रव्य तयार करणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडवतो, असं मी वाचलं होतं आणि ते खरं आहे. मी लिहिलं, 'अ‍ॅलोसिन : त्वचा उजळण्यास मदत करते.' ही ओळ लिहिताना माझा डावा हात गालावर होता. बाकीच्या चार ओळी मी गटासाठी लिहिल्या, ही माझ्यासाठी.

पुढच्या रविवारी गावी गेले. शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्या बायका जमल्या होत्या. कापलेली पानं घमेल्यांत रचलेली, दोन मिक्सर, एक टेबल, आणि टेबलामागं खुर्ची माझ्यासाठी. मी खुर्चीत बसले नाही, कारण मला शिकवायचं होतं. पूर्ण पान सालीसकट वाटायचं, असं मी सांगितलं. क्रियाशील घटक सालीजवळ जास्त असतात, म्हणून साल फेकून देणं म्हणजे नुकसान. गटातल्या एकीचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात कानडी बोलणारं. ती हळूच म्हणाली की तिच्या माहेरी पान कापलं की उलटं उभं करून ठेवत्यात, पिवळं पाणी गळून जाईपर्यंत. मी तिला प्रेमानं समजावून सांगितलं की जुन्या पद्धतींमागची भावना चांगली असते, पण प्रत्येकीला शास्त्रीय आधार असतोच असं नाही. तिनं हातातलं पान मिक्सरकडं सरकवलं. पिवळं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं, ते मी पदरानं पुसलं.

हिरवट लगदा तयार झाला. मी सगळ्यांच्या समोर तो चेहऱ्यावर चांगला जाड थापला, हसून दाखवलं, आणि परिणाम पुरता मिळावा म्हणून तसाच ठेवून दुपारच्या एसटीत बसले. नळदुर्गला गालांना चुणचुण लागली. मला वाटलं, काम सुरू झालं. तुळजापूरला ती आग झाली. घरी पोचून तोंड धुतलं तेव्हा आरशात एक लालबुंद बाई होती, आणि त्या लालीत वांगाचे डाग कुठं आहेत तेही दिसत नव्हतं. तेवढ्यापुरता प्रयोग यशस्वी म्हणायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या खाली सूज. तरी कॉलेजला गेले, कारण प्रॅक्टिकलची परीक्षा होती. पोरं बिचारी परीक्षानळीत बघत राहिली. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं मात्र परीक्षा संपल्यावर जवळ येऊन काळजीनं विचारलं, "मॅडम, बिब्बा उतला का?" मी म्हटलं, तसंच काहीतरी.

सोलापूरला त्वचारोगाच्या डॉक्टरकडं गेले. मुलगीच होती, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. काय लावलं विचारल्यावर मी तिला कोरफडीतल्या घटकांची सगळी माहिती दिली. तिनं मध्ये न बोलता ऐकून घेतली आणि मग विचारलं, "पिवळा चीक काढून टाकला होता का?"

त्या पिवळ्या चिकात अ‍ॅलोइन असतं. अ‍ॅलोइन मला माहीत होतं. त्याची रचना मी कागदावर काढून दाखवू शकले असते, तीन कडी एकमेकांना चिकटलेली, कडेला साखर. फक्त ते मनगटावरून ओघळतं तेव्हा कसं दिसतं, हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरनं मलम लिहून दिलं. निघताना मी वांगाचं विचारलं तर ती म्हणाली की उन्हात छत्री घ्या, सनस्क्रीन लावा आणि फार आशा ठेवू नका. माझ्या पंधरा वर्षांच्या संशोधनावर छत्री हे उत्तर होतं.

मी लाजत लाजत अक्कांना फोन केला आणि म्हटलं की ते जेल कुणाला लावू देऊ नका, असलेलं फेकून द्या. त्या म्हणाल्या, "कुणी लावलंच न्हाय. तुझ्या तोंडाचं काय हुतंय ते बघून लावायचं ठरलं हुतं."

पुढच्या खेपेपासून कानडी बोलणाऱ्या बाईच्या हातात कारभार गेला आणि माझ्याकडं नुसता कागद राहिला. पानं बुडाकडून कापून बादलीत उभी करायची. पिवळा चीक गळून गेला की दोन-तीन पाण्यांनी धुवायचं. मग सुरीनं दोन्हीकडची साल अलगद सोलून मधला गर काढायचा. गटातल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या की हा चीक वाळला की त्याचा काळा बोळ होतो. पूर्वी काष्ठौषधीच्या दुकानात मिळायचा, पोट साफ करायला. आमच्याकडं कुणाचं पोट त्या पातळीला गेलेलं नव्हतं, म्हणून अक्का तो चीक शेडमागच्या कडुलिंबाच्या बुडात ओतत.

गर स्वच्छ पाण्यासारखा निघाला. दोन दिवसांत तो लालसर झाला आणि तिसऱ्या दिवशी पातळ. आता मात्र माझी विद्या उपयोगी पडली. मी गर थोडा तापवायला सांगितलं, लिंबाचं सत किती घालायचं ते सांगितलं, डबी गार जागी ठेवायला सांगितलं. परवान्याच्या खेपा झाल्या, त्यात सहा महिने गेले. मग तालुक्याच्या प्रदर्शनात आमचा स्टॉल लागला. येणारी प्रत्येक बाई डबी उघडून विचारी, कोरफड हिरवी आणि हे पांढरं कसं? शेजारच्या स्टॉलवर पोपटी रंगाचं जेल होतं, ते दुपारपर्यंत संपलं. आमच्या बायकांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना गर मुळातच बिनरंगाचा असतो हे पुन्हा सांगितलं. त्यांना ते पटलं होतंच. पटवायचं होतं ते गिऱ्हाइकांना.

पण जेल चांगलं होतं. गटात एकीचे हात सोयाबीन काढून काढून असे फुटले होते की पीठ मळताना रक्त येई. तिचे हात महिन्याभरात मऊ पडले. भाकरी करताना चटका बसला की बायका आता आधी गार पाणी आणि मग डबी शोधू लागल्या. टाचांना, कोपरांना, उन्हात भाजलेल्या मानेला. लावलं की थंड वाटे आणि कातडी ताणायची थांबे. हे सगळं त्या पहिल्या ओळीतल्या साखरांचं काम. साधं, कंटाळवाणं आणि खरं.

डबी खपत होती ती मात्र तिसऱ्या ओळीवर. 'गोरं करणारं जेल' म्हणून ती पंचक्रोशीत ओळखली जाऊ लागली. माकणीहून एक बाई दोन बस बदलून आली आणि तिनं मुलीसाठी चार डब्या नेल्या. अक्कांनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज खुलला होता. मला आनंद झाला. थोडं कुठंतरी टोचलंही, पण यशाच्या वेळी टोचणी ऐकायची मला सवय नाही.

दिवाळीनंतर मी चार दिवस गावी गेले. अक्कांची मुलगी, माझी पुतणी, लातूरला खासगी दवाखान्यात नर्स आहे. तीही सुट्टी घेऊन आली होती, कारण येत्या रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. ती आईच्या रंगावर गेली आहे. दुपारी मी आतल्या खोलीत गेले तर अक्का तिला समोर बसवून तिच्या चेहऱ्याला जेल लावत होत्या. कपाळ, गाल, मान, हळू हळू, बोटांनी गोल गोल फिरवत. पोरगी मोबाइल बघत निमूट बसली होती. दिवसातून दोनदा हे चालायचं, असं कळलं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले आणि मग माझं लक्ष अक्कांच्या गळ्याकडं गेलं. पदर थोडा सरकला होता. गळ्यावर आणि हनुवटीखाली तीच ओली चमक होती. त्या पंचावन्नच्या आहेत. त्यांनी माझी नजर कुठं आहे ते पाहिलं आणि पदर सारखा केला. लेक उठून गेल्यावर त्यांनी डबीचं झाकण लावता लावता विचारलं, "किती दिवसांत फरक पडतोय गं? त्यावर दिवस लिवल्यालं न्हाय."

रंगाबद्दल त्या माझ्याशी बावीस वर्षांत एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी म्हटलं, बघून सांगते.

घराबाहेर जाऊन, जिथं रेंज येते त्या पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून मी फोनवर ते सगळं पुन्हा वाचून काढलं, या वेळी गालावर हात न ठेवता. अ‍ॅलोसिन कोरफडीत असतं, खरं. पण ते मुख्यतः असतं त्या पिवळ्या चिकात. गरात नावापुरतं. म्हणजे ज्या चिकानं माझं तोंड भाजलं त्याच चिकात ती उजळवणारी वस्तू होती, आणि ती भाजणाऱ्या वस्तूपासून वेगळी करायला प्रयोगशाळा लागते, बादली पुरत नाही. आम्ही तीन पाण्यांनी धुऊन टाकत होतो ते हेच. ज्या दिवशी चीक काढायचं ठरलं त्याच दिवशी मी लेबल पुन्हा तपासायला हवं होतं. ते सुचलं नव्हतं असं म्हणायला मला आवडेल. पण सुचलं होतं. सुचलं तोवर लेबलं छापून झाली होती, आणि ओळ चांगली चालली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का शेडमध्ये पानं सोलत होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि एक सुरी घेतली. मी सांगायला सुरुवात केली ती कॉलेजच्या भाषेत, मग ते शब्द सोडून दिले आणि सरळ म्हटलं की तिसरी ओळ खोटी आहे. पानात ते असतं, आपल्या डबीत नसतं.

त्यांनी हातातलं पान पूर्ण सोललं. मग विचारलं, "म्हंजी ते आपण लिंबाच्या बुडात वततोय?"

"व्हय."

"अन् डबीत काय ऱ्हातंय?"

"पाणी. आणि पाणी धरून ठेवणारी साखर."

"मग तेच लिवायचं हुतं की," त्या म्हणाल्या. रागावून नाही, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं.

आम्ही आणखी चार-पाच पानं सोलली. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुझ्या लग्नात आत्याबाई मांडवात जे बोलल्या, ते तू ऐकलं हुतंस?"

मी म्हटलं, ऐकलं होतं.

"बरं वाटलं असंल तुला."

खोटं बोलायची जागा होती, पण कालपासून त्याचा कंटाळा आला होता. मी म्हटलं, वाटलं होतं.

"मला बी वाटलं असतं, तुझ्या जागी असते तर," अक्का म्हणाल्या आणि पुढचं पान उचललं. एवढंच. त्या दिवसापासून मला वाटतं की बावीस वर्षांत आम्ही एकमेकींशी खरं बोललो ते तेवढंच, आणि त्याला माझं एक खोटं कारणी लागलं.

पुतणी चहा घेऊन आली होती आणि दाराशी उभी राहून तिनं ऐकलं होतं. मी तिची माफी मागणार तोच ती म्हणाली, "काकू, मला ठाऊक होतं. असं लावून रंग जात असता तर आमच्या दवाखान्यात रांग लागली असती. आईला बरं वाटतंय म्हणून लावून घेत होते." अक्कांनी तिच्याकडं पाहिलं आणि तिच्या हातातला चहा घेतला. आठ दिवस दोघी एकमेकींचं मन राखत होत्या, आणि त्या खटाटोपात पोरीची कातडी मात्र खरंच मऊ झाली होती.

गटाची बैठक झाली. मी बायकांसमोर चूक कबूल केली. नवी लेबलं छापेपर्यंत जुन्यांवरची तिसरी ओळ निळ्या पेनानं खोडायची ठरली. आम्ही दोन दुपारी बसून शेकड्यांनी डब्या खोडल्या. याचा परिणाम असा झाला की आजवर ज्यांनी लेबल वाचलं नव्हतं, त्याही बायका डबी उजेडाला धरून खाली काय लिहिलंय ते वाचू लागल्या. खोडलेल्या ओळीइतकं लक्षपूर्वक माझं कुठलंच लेखन आजवर वाचलं गेलेलं नाही.

रविवारी पाहुणे आले. मुलगा पुण्यात कंपनीत, बोलायला बरा. त्याच्या आईच्या गालांवर माझ्यासारखेच डाग, त्यामुळं आमची नजर एकमेकींना लगेच सापडली. पोहे झाले, प्रश्न झाले. मग त्या बाईंनी पोरीला जवळ बसवून तिच्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं की कातडी एवढी नितळ आहे, लावतेस तरी काय. अक्कांनी आतून डबी आणून दिली. बाईंनी ती खिडकीशी नेली, खोडलेली ओळ वाचली आणि हसून मला म्हणाल्या, "खोडलंय का हो? सरकार लिहू देत नसंल." मी म्हटलं, तसं नाही, ते त्यात नाहीच. त्यांनी मान हलवली, ज्याचा अर्थ होता की कळलं, तुम्हाला उघड बोलता येत नाही. डबी त्यांनी पिशवीत टाकली.

चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. मुलगी चांगली, घर चांगलं, पण मुलाच्या घरच्यांना रंगाचं जरा वाटतंय. आणि जाता जाता तो म्हणाला की मुलाच्या आईला अजून दोन डब्या पाहिजे आहेत.

दीर इतके चिडले की त्यांनी जेवण अर्धवट टाकलं. पुतणीनं बातमी माझ्याकडून फोनवर ऐकली, बरं म्हणाली, आणि ड्यूटी आहे म्हणून फोन ठेवला. तिला वाईट वाटलं की सुटका वाटली, मला आवाजावरून कळलं नाही. नंतर तिनं मला सांगितलं की थोडं वाईट वाटलं, आणि वाटल्याचा जास्त राग आला. पुढचं स्थळ आपण स्वतः भेटून, लातूरलाच, चहा पिऊन ठरवू, असं तिनं आईला कळवलं आहे. अक्कांनी त्याला हो म्हटलं, आणि गावात सांगितलं की तिला सुट्टी मिळत नाही.

दोन डब्या मात्र अक्कांनी पाठवल्या. मला ते कळलं तेव्हा मी चकित झाले. म्हटलं, अक्का, कशाला पाठवल्या? तर म्हणाल्या, "म्या त्या बाईच्या टाचा बघितल्या, चपला काढताना. लई भेगा हायत गं. तिनं तोंडाला लावलं तर तिचं नशीब."

नव्या लेबलावर दोनच ओळी आहेत. पाणी धरून ठेवते, त्वचा मऊ राहते. किरकोळ चटक्यावर व उन्हानं भाजलेल्या कातडीवर थंडावा देते. खप निम्म्यावर आला. गटातल्या दोघी-तिघींनी मला बोलून दाखवलं की मॅडम, खरं नंतर सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. नंतरच तर सांगितलं होतं.

मग एक नवंच गिऱ्हाईक मिळालं. हायवेवरच्या एका ढाब्यावर अक्कांनी सहज चार डब्या ठेवल्या. हैदराबादकडं जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांचा उजवा हात दिवसभर खिडकीबाहेर उन्हात असतो. डाव्यापेक्षा दोन छटांनी काळा आणि करपलेला. जेवायला बसलं की ते हाताला जेल चोपडतात. त्यांच्यातले निम्मे मराठी वाचत नाहीत, उरलेले लेबल वाचत नाहीत.

मागच्या महिन्यात अक्कांबरोबर मी त्या ढाब्यावर डब्या द्यायला गेले होते. दुपारचं ऊन कडक होतं. एक ड्रायव्हर बाजेवर बसून कोपरापर्यंत जेल लावत होता. त्यानं दोन्ही हात शेजारी शेजारी धरून अक्कांना दाखवले आणि मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, हे दोन्ही सारखे होतील का?

अक्का माझ्याकडं वळल्यासुद्धा नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं, "न्हाय बाबा. थंड वाटंल."

तो म्हणाला, चालेल, आणि दुसऱ्या हातालाही लावायला लागला.